रेड्याची पाठ

बायको चैतात गेली. आता भादवा लागला. लोक घरी येतात, चहा पितात, माझ्या तोंडाकडे बघतात. मी रडत नाही म्हणून त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. मला काही होत नाही. भूक लागली की जेवतो, झोप आली की झोपतो. सकाळी उठून ओट्यावर बसतो आणि डोंगराकडे बघतो. डोंगर आता सगळा दिसत नाही. मध्ये गोदामांचे पत्रे आले. पत्र्यांच्या वर जेवढा उरलाय तेवढा बघतो.

ही सवय तिची. मला ती कशी लागली ते लिहायचं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून जसं येतं तसं लिहितो.

आमचं गाव खारबावच्या अलीकडे, भाताच्या खाचरांत. मावळतीला डोंगर. डोंगराच्या पलीकडे वसईची बाजू आणि मग समुद्र. गाव आणि डोंगर यांच्या मध्ये एक ओहळ. उन्हाळ्यात त्यात बेडूकसुद्धा भिजत नसे. ओहळाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला बायकोचं माहेर. विडी पेटवून निघालं तर दुसरी विडी संपायच्या आत पोचायचं, एवढं जवळ. पूल नव्हता. एकाच जागी उतार होता, तिथून माणसं आणि गुरं जायची.

उताराच्या मधोमध एक काळा दगड. पाण्यात बसलेल्या रेड्याच्या पाठीसारखा, म्हणून त्याला रेडाच म्हणायचे. गावाचा एकच नियम. रेड्याची पाठ दिसली तर उतरायचं, पाठ बुडाली तर थांबायचं. वरात असो नाहीतर मयत, आधी रेडा बघायचा. माझ्या बापाने मला हेच शिकवलं. त्याला त्याच्या बापाने.

लग्न होऊन आली तेव्हा तिची गंमत वाटायची. उतारावर यायची आणि रेड्याकडे ढुंकूनही बघायची नाही. मान वर करून डोंगराकडे बघायची.

मी एकदा म्हटलं, "मान आखडली काय गो?"

"डोंगूर बघते."

"तो काय पळून चाललाय?"

"तो न्हाय पळत. पानी पळतं."

मला वाटलं, माहेरची आठवण येते म्हणून बघते आणि सांगायला लाजते. बायकांचं असतं तसं. मी सोडून दिलं.

ही सत्तरच्या पुढची सालं. मी भिवंडीत नारपोलीला कापडाच्या लूमवर जायचो आणि शेतीही बघायचो. एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा दुपारची. आमच्यात त्या वेळी माणसाला माणूस द्यायची रीत होती. आमच्या भाताच्या आवणीला, म्हणजे रोप लावायला, तिच्या भावाकडची माणसं आली, तर त्याच्या आवणीला आमच्या घरातून माणूस जायलाच पाहिजे. रोप वर आलं की थांबत नाही, म्हणून ही देणीघेणी कोणी चुकवत नसे.

त्या साली श्रावण तोंडावर आला होता. चार दिवस उघडीप होती. आमची आवणी उरकली होती, मेव्हण्याची थोडी राहिली होती. आम्हाला पोरगी झालेली, ती अजून बसायलाही लागली नव्हती, नुसती अंगावर पिणारी. एरवी बायको तिला झोळीत घालून शेतावर न्यायची. त्या दिवशी पोरीचं नाक वाहत होतं.

माझी आई म्हणाली, "चिखलात कुठं नेतेस तिला? ठेव हितं. पाजून जा, आन दुपारला ये परत."

बायकोने पाजलं, इरलं पाठीवर टाकलं आणि गावातल्या तीन बायांबरोबर निघाली. इरलं म्हणजे कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकतं. बायका ते घालून ओणव्या होऊन रोप लावतात. त्याचा दुसराही उपयोग होता. ओहळाला पाणी आलं की त्याच्या आवाजात ह्या काठावरचं त्या काठाला ऐकू जात नाही. मग इरलं उभं धरलं म्हणजे येतो, आडवं ठेवलं म्हणजे येत नाही. ही खूण दोन्ही गावांत पोरासोरांनाही ठाऊक होती.

त्या सकाळी ऊन होतं. पाणी गुडघ्याच्या खाली. रेडा अख्खा उघडा, त्यावर बगळा बसलेला.

दुपार व्हायला आली तेव्हा पोरगी उठली आणि रडायला लागली. आईने बोटाने गुळाचं पाणी चाटवलं. तिने थुंकून टाकलं. आई म्हणाली, "बघून ये रे, येतेय का." मला दुपारच्या शिफ्टला जायचं होतं. मी सदरा अडकवून उतारावर गेलो.

गावात लख्ख ऊन. माझी सावली पायाखाली. आणि ओहळाला तांबडं पाणी आलेलं, काठाला लागून. रेडा कुठे आहे ते कळत नव्हतं. पाण्याबरोबर पाचोळा, काटक्या, एक अख्खी निवडुंगाची फांदी. मातीचा वास असा की जणू कोणी वर शेत नांगरून पाण्यात सोडलंय. मी वर बघितलं. आमच्या डोक्यावर निळं आभाळ आणि डोंगराच्या माथ्यावर काळा ढग बसलेला. माथा दिसतच नव्हता. बाकी कुठेही ढग नाही. फक्त तिथे.

पलीकडच्या काठाला चारही बाया येऊन उभ्या होत्या.

आला तसा पूर उतरायलाही लागला. आमचा ओहळ तसाच आहे. डोंगर सगळा खडकाचा, वरची झाडं कोळशासाठी तुटलेली. पाणी मुरायला जागा नाही. वर पडलेलं सगळं एका वेळी खाली येतं, पाच-सहा ओघळ उताराच्या वरच्या अंगाला एकत्र होतात आणि लोंढा होतो. गेला की गेला. थोड्या वेळात रेड्याची पाठ दिसली, ओली, चकचकीत.

तीन बाया लगेच एकमेकींचे हात धरून उतरल्या. हसत आल्या. पाणी मांडीपर्यंत होतं. माझी तिकडेच उभी राहिली. आल्या त्यांतली एक आमची शेजारीण, तिच्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं. लुगडं पिळत म्हणाली, "तुझी रानी बसलीय तिकडं डोंगराची दिष्ट काढत. आम्ही म्हटलं चल, तर म्हणते तुम्ही व्हा पुढं. पोर हिचं आन घाई आम्हाला!"

मी हात केला. ये म्हणून. दोन्ही हातांनी केला. पोरीला पाळण्यात झोका देतात तसा हात करून दाखवला. तिने बघितलं. इरलं पाठीवरून काढलं आणि काठावर आडवं ठेवलं. मग त्याच्या बाजूला बसली आणि तोंड डोंगराकडे केलं.

मी शिव्या घातल्या. तिला ऐकू गेल्या नाहीत.

रेडा उघडा होता. मला वाटलं, आता येईल, आता येईल. शेवटी मीच पाण्यात पाय घातला, म्हटलं जाऊन ओढून आणतो. तेवढ्यात आवाज आला. वरून कोणी खडीचा ट्रक उलटा करतंय तसा. मी मागे झालो. दुसरा लोंढा पहिल्यापेक्षा मोठा होता. आणि आमच्या अंगावर तोवर एक थेंब पडलेला नव्हता.

मी काठावर बसून राहिलो. शिफ्टची वेळ गेली. दुसरा लोंढा उतरायला लागला तेव्हा आमच्या गावचा एक गडी बैलजोडी घेऊन आला. त्याला मेव्हण्याच्याच बाजूला चिखलणीला जायचं होतं. मी म्हटलं, "थांब जरा."

"का? रेडा दिसतोय की."

"माझी बायको येत न्हाय तिकडनं."

तो हसला. "तुझी बायको तुझ्याकडं येत न्हाय, त्यात माझ्या बैलांचा काय गुन्हा?"

आणि उतरला. त्याने काही चूक केली असं मी म्हणणार नाही. रेडा दिसत होता. मीही गेलो असतो. तो रेड्याच्या जवळ पोचला तेव्हा बायको पलीकडे उभी राहून इरलं डोक्यावर आडवं धरून नाचवायला लागली. त्याने बघितलं आणि बैलांना मारलं, पुढे काढायला. तिसरा लोंढा आला. एक बैल पलीकडे चढला. दुसरा पाण्यात फिरला, पाय वर झाले, परत शिंगं वर आली आणि मग काहीच वर आलं नाही. गडी काठच्या उंबराच्या मुळीला धरून राहिला. बायको आणि तोवर धावत आलेला तिचा भाऊ, दोघांनी त्याला काठीने ओढून घेतला. बैल दुसऱ्या दिवशी खाली खाडीच्या चिखलात सापडला.

हे सगळं मी बसल्या जागेवरून बघितलं. मला काही वाटलं नाही. आता जसं वाटत नाही, तसंच. हात दगडावर होता, दगड गरम लागत होता, एवढंच आठवतं.

मग आई आली पोरीला घेऊन. पोरीचा आवाज बसला होता. रडत होती पण नुसतं तोंड हलत होतं. आईने तिला वर उचलून पलीकडे दाखवली. बायको उभी राहिली. पाण्याच्या अगदी कडेला आली. तिच्या चोळीची पुढची बाजू ओली झाली होती. पाऊस तिकडे काठावर नव्हता. मला कळलं ते काय आहे.

आणि तिसरा लोंढा उतरत होता. रेड्याच्या पाठीचा काळा ठिपका दिसायला लागला होता.

आई म्हणाली, "येईल आता. आईच हाय ती."

बायकोने पोरीकडे बघितलं, मग डोंगराकडे बघितलं. मग मागे गेली आणि इरल्याजवळ बसली. इरलं आडवंच. पदर तोंडावर घेतला.

आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दगड हाय का काय ही?"

आमच्या काठावर एक वारलीण अडकली होती. खारबावला कंटोळी विकून आपल्या पाड्यावर चालली होती, कडेवर पोर. मघापासून चिंचेखाली बसलेली. ती तिथूनच म्हणाली, "न यायची ती. ढग न हलला अजून." मग आईला म्हणाली, "दे गो आये, माझ्याकडं. मला हाय."

आमची आई म्हणजे सोवळंओवळं फार. वारलिणीने टोपलीतली भाजी दिली तर ती आधी जमिनीवर ठेवायला लावून मग उचलायची. मला वाटलं, आता हिला दोन शब्द ऐकवते. आई चिंचेखाली गेली आणि पोरगी तिच्या मांडीवर ठेवली. वारलिणीने आपलं पोर बाजूला केलं आणि आमचीला लावलं. पोरगी अशी प्यायली की नाकातून आवाज येत होता. आई शेजारी बसून त्या बाईच्या पोराचं नाक आपल्या पदराने पुसत होती.

पलीकडून बायको बघत होती. पदर खाली केला होता तिने.

चौथा लोंढा आला. तोवर आमच्याकडेही चार थेंब पडले आणि थांबले. मग वारा पडला. झाडाचं पान हलेना. बराच वेळ काही नाही. मग डोंगराच्या माथ्यावरचं एकटं झाड आहे ते दिसलं, मग त्याच्या बाजूची कड दिसली. माथा मोकळा झाला. बायको उठली, तरी लगेच आली नाही. पाण्याचा तांबडा रंग उतरून पिवळसर होईपर्यंत थांबली. मग इरलं उभं धरलं, पाठीवर टाकलं आणि आली. पाठीमागे भाऊ होता. दिवस मावळायला टेकला होता.

पोरगी आईच्या खांद्यावर झोपली होती. बायको म्हणाली, "प्यायली ना पोटभर?"

आई म्हणाली, "प्यायली."

"बरं झालं." मग वारलिणीला म्हणाली, "जा आता. मोकळा हाय डोंगूर." ती गेली.

घराजवळ आल्यावर मी म्हटलं, "तिघी आल्याच ना पहिल्यांदा? काय झालं त्यांना?"

"काय न्हाय झालं."

"मग?"

"मग काय? त्या आल्या. मला वाटलं, पोरगी आज रडली तर रडू दे, मी राहिले पायजे. मी वाहून गेले असते तर तिला दूध कुठनं उरलं असतं?" आणि मग म्हणाली, "तुम्ही रेडा बघता. रेडा आत्ताचं सांगतो. वरचं त्याला काय माहीत? ढग तिथंच बसलेला दिसतो ना, तो एकच न्हाय. समुद्रावरनं वारा येतो, तो ढग घेऊन येतो. डोंगराला अडतो, वर चढतो, पानी टाकतो. तो संपला की मागनं दुसरा. त्याच जागी बसतो. आपल्याला वाटतं मघाचाच हाय. वारा हाय तोवर येतच राहतो."

आईने घरी गेल्यावर पोरीला ऊन पाण्याने न्हाऊ घातलं. विटाळ धुतला असं तोंडाने म्हणाली नाही. पण पुढे ती वारलीण भाजी घेऊन आली की आई हातातून घ्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी लूमवर गेलो. आमचा जॉबर, म्हणजे लूमवरचा मुकादम, उत्तरेकडचा भय्या, दात काढून उभा. "कल किधर था रे?"

"पूर आया था गाँव में."

"पूर? कल तो यहाँ कपड़ा बाहर डालो तो सूख जाए! अरे, झूठ भी बोल तो मौसम देख के बोल!"

सगळं खातं हसलं. नारपोलीला थेंब पडला नव्हता, आमच्या गावातही मोजून चार थेंब. आणि एक बैल वाहून गेला होता. मी लूम चालू केला.

त्या खात्यात एक दार मावळतीला होतं. दुपारनंतर खाडीचा वारा त्या दारातून यायचा, समोरच्या भिंतीला लागायचा आणि भिंतीवरून वर चढायचा. लूमची रुई उडते, ती त्या वाऱ्याबरोबर जायची आणि भिंतीच्या वरच्या टोकाला, पत्र्याखाली, एकाच जागी गोळा व्हायची. पांढरा ढग बसल्यासारखी. जड झाली की गोळ्याने खाली पडायची, खालच्या कारागिराच्या डोक्यावर. तो शिव्या घालत झाडायचा. झाडून होतं न होतं तोवर परत तिथेच. बाजूच्या भिंतीला काही नाही. मी तिथे किती वर्षं काम केलं होतं, रोज बघत होतो. त्या दिवशी लूम सोडून बघत उभा राहिलो. धागा तुटला, तेही कळलं नाही. जॉबर ओरडला, "अब वहाँ भी पूर आया क्या?"

मी म्हटलं, "आएगा." रुईचा गोळा पडला. त्याच्याच टोपीवर.

त्या वर्षांत असे लोंढे आणखी आले. आम्ही दोघं उतारावर गेलो की ती डोंगर बघायची आणि मी तिच्याकडे बघायचो. ती पुढे झाली की मी जायचो. गावातले लोक हसायचे, रेडा सोडून बायकोला विचारतो म्हणून. ज्याचा बैल गेला तो मात्र हसत नसे. तो गुपचूप आमच्या मागून यायचा.

नंतर पूल झाला. रेडा पुलाच्या भरावात गेला. भिवंडीजवळच्या पूर्णा गावाकडून गोदामं सरकत सरकत आमच्यापर्यंत आली. ओहळ आता गोदामांच्या भिंतीमधून जातो, अजून तसाच येतो आणि जातो. कंटेनरचे ड्रायव्हर पुलावर थांबून ऊन असताना पाणी कुठून आलं म्हणून फोटो काढतात.

बायकोच्या छातीत पाणी झालं माघात. भिवंडीच्या दवाखान्यात ठेवली. डॉक्टर सुई घालून पाणी काढायचे, मग दोन दिवस बरं वाटायचं. चालायची, भाकर खायची. पोरगी म्हणायची, आई बरी झाली. परत भरायचं. दुसऱ्यांदा भरलं तेव्हा पोरगी रडली. बायको तिला म्हणाली, "रडतेस कशाला? काढलं ते मघाचं होतं. हे मागनं आलंय." पोरीला कळलं नाही. मला कळलं.

शेवटच्या दिवशी सकाळी दम लागणं कमी होतं. डॉक्टर म्हणाले, आज चांगलं आहे. मी खाटेजवळ बसलो होतो. ती म्हणाली, "अवो, डोंगूर उघडला का बघा जरा."

मी उठून जिन्यातल्या खिडकीशी गेलो. तिथून डोंगर दिसत नाही. समोर एक इमारत, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, चैताचं ऊन. डोळे दिपत होते. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

म्हटलं, "न्हाय उघडला. ढग हाय अजून. बसून राहा."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "चैतात कसला ढग?"

"हाय. मी बघितला."

तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. म्हणाली, "बरं. बसते मग."

दुपारी गेली.

पोरगी म्हणते, बाबा, एकटे कशाला राहता, माझ्याकडे चला. गणपतीच्या आधी घ्यायलाच आली होती. पिशवीही भरली माझी. मी ओट्यावर बसलो होतो. पत्र्यांच्या वर ढग होता, सकाळपासून तिथेच.

मी तिला म्हटलं, "तू हो पुढं. डोंगर मोकळा झाला की येतो."